तीन क्विंटल धानाचा खेळ

दिवाळीच्या दिवसांत माणसाने काही प्रश्न विचारू नयेत. अनारसे कोणी केले, हे ते चाखण्यापूर्वी विचारू नये. पाहुणा परत कधी जाणार, हे त्याने पिशवी खाली ठेवण्यापूर्वी विचारू नये. आणि कोणी हौसेने काही आणले, तर ते केवढ्याला पडले हे तर मुळीच विचारू नये. पहिले दोन नियम मी आयुष्यभर पाळत आलो आहे. तिसरा मात्र गेल्या दिवाळीत माझ्या हातून मोडला, आणि त्याची टोच अजून पुरती गेलेली नाही.

पुतण्या पुण्याहून आला होता. माझ्या धाकट्या भावाचा हा एकुलता एक मुलगा. भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला; त्यानंतरच्या चार दिवाळ्यांत हा मुलगा अड्याळला फिरकला नव्हता. "सुट्टी नाही," असे तो दरवर्षी फोनवर सांगे, आणि आम्हीही "असू दे" म्हणत असू. खरे कारण दोन्हीकडे ठाऊक होते. ज्या घरात वडिलांच्या मागोमाग शिरायची सवय, त्या घरात एकट्याने शिरणे सोपे नसते. पाचव्या दिवाळीला मात्र तो आला. भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या बसमधून उतरला, तेव्हा त्याच्या खांद्याला एक लहानशी पिशवी होती आणि दोन्ही हातांत, झोपलेले मूल धरावे तसे जपून धरलेले, एक भले मोठे खोके.

खोके त्याने सपरीत आणून ठेवले. "काका, खेळ आहे. पटावरचा. आपण सगळ्यांनी मिळून खेळायचा."

मी ते उचलून पाहिले. चांगले तीन किलो भरले असते. झाकणावर पडक्या घराचे काळपट चित्र. अशा वेळी शहाण्या माणसाने "वा!" म्हणायचे असते. मी म्हणालो, "केवढ्याला पडला?"

"सात हजार शंभर."

आमच्या भागात माणूस रुपयांत विचार करतो तो बँकेत. घरी आला की तो धानात विचार करू लागतो. २०२५-२६ च्या हंगामाचा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. तीन क्विंटलांचे होतात ७,१०७. खेळ त्याहून अवघ्या सात रुपयांनी स्वस्त! हलका धान नुकता कापून बांधीत पसरला होता, भारी अजून उभा होता. पऱ्हे टाकण्यापासून रोवणीपर्यंतची आणि रोवणीपासून कापणीपर्यंतची सारी मजुरी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. हिशेब मनात ठेवला असता तरी चालले असते. पण मी तो मोठ्याने बोलून दाखवला. "म्हणजे तीन क्विंटल धान! पुठ्ठ्याच्या तुकड्यांसाठी?"

पुतण्याचा चेहरा उतरला. तो एवढेच म्हणाला, "गेल्या महिन्यात जीएसटी कमी झाला, काका. अशा खेळांवरचा बारावरून पाच टक्क्यांवर आला." जणू त्या सात टक्क्यांची सोय त्याने माझ्यासाठीच करून आणली होती.

भर घातली ती नवव्या वर्गातल्या माझ्या नातीने. "आजोबा, हा मुळात व्हिडिओ गेम आहे. कम्प्युटरवर पाच-सहाशेला मिळतो. सवलत लागली की शंभराच्या आसपाससुद्धा."

आता मात्र मला राहवेना. मूळ स्वस्त आणि नक्कल दहापट महाग, हा न्याय कुठला? शिवाय कम्प्युटरवर पाने आपोआप पिसली जातात, हिशेब आपोआप होतो, नियम यंत्राला पाठ असतात. इथे पाने आपण पिसायची, नियम आपण वाचायचे, सोंगट्या आपण सरकवायच्या, भांडण झाले तर ते आपणच मिटवायचे. यंत्राने करायचे काम घरच्यांनी करायचे आणि त्याचे पैसेही घरच्यांनीच जास्त द्यायचे! आपल्या शेतात आपण राबून वर आपणच मजुरी देण्यासारखे झाले हे.

पुतण्याने शांतपणे खेळाची जन्मकथा सांगितली. पोलंड देशात, वॉर्सा शहरात 'इलेव्हन बिट स्टुडिओज' नावाची कंपनी आहे. तिने २०१४ साली 'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा व्हिडिओ गेम काढला. युद्धाचे खेळ पुष्कळ. पण त्यांत खेळणारा बहुधा बंदूकवाला असतो. ह्या खेळात तो वेढ्यात सापडलेल्या शहरातला साधा नागरिक आहे. पडक्या घरात लपलेली चार-दोन माणसे, थंडी, भूक, आजार, आणि युद्धविरामाची वाट पाहणे. कल्पना सुचली ती सारायेव्होच्या वेढ्यावरून. १९९२ पासून १९९६ पर्यंत, १,४२५ दिवस त्या शहरातली माणसे अशी जगली. २०२० साली पोलंडच्या सरकारने हा व्हिडिओ गेम शाळांतल्या शिफारशीच्या वाचनात घेतला. त्याचाच पटावरचा अवतार २०१७ साली निघाला. तोच ह्या खोक्यात होता.

रात्री पडल्यापडल्या मी किमतीचे कोडे सोडवू लागलो, आणि ते सोडवले भिंतीवरच्या फळीवर ठेवलेल्या गडव्याने. गडवा भंडाऱ्याचा, आजोबांच्या वेळचा पितळी. एखादे गाणे रचायला कवीचा जीव जातो. पण एकदा रचले की ते हजार घरांत म्हटले जाते, आणि हजाराव्या घरासाठी कवीला काही पुन्हा जागावे लागत नाही. गडव्याचे तसे नाही. हजार घरांत हजार गडवे हवेत, तर हजार वेळा पितळ वितळवायचे आणि हजार वेळा ठोकायचे. पडद्यावरचा खेळ गाण्याच्या जातीचा. पहिल्या प्रतीला अमाप खर्च, दुसरी जवळजवळ फुकट. पटावरचा खेळ गडव्याच्या जातीचा. प्रत्येक प्रतीला पुन्हा पुठ्ठा, पुन्हा शाई, पुन्हा साचे, पुन्हा जहाज, जकात आणि ट्रक. तो महाग का, हे मला कळले. पण महाग का, हा एक प्रश्न आणि त्या मोलाचा का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर गडव्याजवळ नव्हते.

तसे पाहिले तर पट आणि यंत्र यांच्यातली ही ये-जा नवी नाही. जपानच्या नामको कंपनीचा पॅक-मॅन १९८० साली पडद्यावर आला, आणि दोनच वर्षांत अमेरिकेच्या मिल्टन ब्रॅडलीने त्याचा पट काढला. त्यात प्लॅस्टिकची वासलेली तोंडे खरोखरीच्या गोट्या गिळत. आपल्याकडची वाट उलटी आणि अधिक लांबची. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात. त्या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा आहे. त्याच पटाच्या गोतावळ्यातला एक खेळ इंग्रजांनी सोपा केला, त्याला लुडो म्हटले आणि १८९६ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे २०१६ साली नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने 'लुडो किंग' काढला आणि पार्वतीचा पट फोनमध्ये शिरला.

आमच्या घरात तो शिरला २०२० च्या टाळेबंदीत. माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाई म्हणतो, अड्याळला आमच्याकडेच असते. आता तिचे वय ब्याऐंशी. भाऊ तेव्हा नागपुरात अडकलेला. रोज रात्री नऊ वाजता दोघे फोनवर लुडो खेळत. नात बाईच्या सांगण्यावरून बोट लावी. बाईला खेळ आवडला. तक्रार एकच होती. फासे तिच्या हातात येत नव्हते.

ही तक्रार समजायची तर आमचे लहानपण ठाऊक हवे. ह्याच सपरीत कोळशाने पंचवीस घरे आखून आम्ही कवड्यांनी खेळत असू. बाई भावापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. त्याची शेवटची सोंगटी घराशी आली आणि मागे बाईची टपून बसलेली असली, की बाईच्या हातून कवड्या भलत्याच पडत. पडता पडता तिचा अंगठा एक कवडी हळूच उलटी करी. हे मला दिसे, भावाला दिसत नसे. जिंकण्यासाठी खोटे खेळणारे पुष्कळ पाहिले. हरण्यासाठी खोटे खेळणारी मी बाईच पाहिली.

फोनला अंगठा चालत नाही. एका रात्री भावाची सोंगटी घराच्या तोंडाशी आली होती. बाईची एकच सोंगटी हलण्याजोगी होती, आणि एकच असली की यंत्र ती आपणच हलवते. तसे ते हलले आणि भावाची सोंगटी मारली गेली. बाई फोनमध्ये ओरडली, "म्या नाई मारली रे!" पलीकडे भाऊ खो खो हसत होता. पुढच्या एप्रिलात तो गेला. बाईने त्यानंतर लुडोला हात लावला नाही. फोनमधल्या सवंगड्यांच्या यादीत त्याचे नाव अजून आहे. ते काढायचे कोणाला सुचलेले नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी गायगोधन आटोपले, गोवाऱ्यांचे डफ लांब गेले, आणि जेवणे झाल्यावर पुतण्याने सपरीत सतरंजीवर खोके उघडले. माझा राग निवलेला नव्हता. केवळ तीन क्विंटल धान आतून कसे दिसते, ते पाहायला मी बसलो.

पहिला तास नुसता मांडामांडीत गेला. शंभर तऱ्हेची पाने वेगळी करा, लाकडाचे तुकडे, पाण्याचे तुकडे, अन्नाचे तुकडे निराळे ठेवा. बी निवडायला बसावे तसे आम्ही चौघे बसलो. बाईला डोळ्यांनी कमी दिसते, पण तुकडे ती बोटांनी ओळखू लागली आणि तिने माझ्याआधी आपला वाटा संपवला. खेळात कोणी कोणाचा शत्रू नाही. सगळे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला भूक, थंडी आणि रात्र. दिवसा घर सावरायचे, तिन्हीसांजेला पाणी-अन्न वाटायचे, रात्री कोणी झोपायचे, कोणी पहारा करायचा, कोणी बाहेर जाऊन काही मिळते का ते धुंडाळायचे. खेळाची वही हातोहात फिरते. जिच्या हाती वही, तिने त्या वेळचे पुढारीपण करायचे. सोबत एक जाडजूड पुस्तक आहे. प्रसंग आला की त्यातला सांगितलेला परिच्छेद वाचायचा. सगळे इंग्रजीत, अक्षरे मुंगीएवढी. पुतण्या इंग्रजी वाची, नात त्याचे मराठी करी, आणि त्या मराठीचे झाडीबोलीत रूपांतर करून ते बाईच्या कानात मी सांगे. एका गोळीबाराला आमच्या सपरीत पोहोचायला तीन भाषा ओलांडाव्या लागल्या.

तिसऱ्या दिवसाच्या तिन्हीसांजेला, म्हणजे आमच्या घड्याळात रात्री साडेदहाला, पेच पडला. खाणारे तिघे, अन्न दोघांपुरते. तिघांतला एक आजारी. पुतण्याने हिशेब मांडला. रात्री बाहेर जाणाऱ्याला खायला द्यायलाच हवे, पहारेकऱ्यालाही हवे. आजारी माणूस आज काही कामाचा नाही, तो एक दिवस थांबेल. हिशेब चोख होता. नातीने मान हलवली, मीही हलवली.

बाईने विचारले, "आजारी कोन हाय?"

पुतण्याने तिच्या बोटांखाली ती सोंगटी ठेवली.

"मंग पहिले याले दे."

"पण आत्याबाई, तो आज काहीच कामाचा नाही."

"कामाचा नाई म्हनून उपाशी ठेवाचं का?"

कोणी काही बोलले नाही. पुतण्याने अन्नाचा तुकडा उचलून त्या सोंगटीपाशी ठेवला. मग तो विनाकारण बाकीचे तुकडे एका ओळीत लावू लागला. लावता लावता, मान वर न करता, त्याने बोलायला सुरुवात केली. नागपुरात खाट मिळेना, ती रात्र. सिलिंडरसाठी रांगेत उभे राहिलेला दिवस. दारातून आत सोडत नव्हते म्हणून खिडकीखाली उभा राहून त्याने बाबांना फोन केला होता, बाबा म्हणाले होते, "बाईला सांग, बरा झालो की बदला घेणार आहे." साडेचार वर्षे हे सारे त्याच्या पोटात होते. आम्ही कधी विचारले नव्हते. विचारावे कसे, ते ठाऊक नव्हते. तो बोलत राहिला, आणि हात तुकडे लावत राहिले. लाकूड लाकडाजवळ, पाणी पाण्याजवळ.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे दिसले. हात कामात असले की तोंडाला धीर येतो. आमच्याकडे बाया रोवणीला वाकतात तेव्हा सासरचे बोलून घेतात. तांदूळ निवडायला बसतात तेव्हा वर्षाचे दुःख सुपात येते. समोरासमोर बसवून "सांग बघू" म्हटले तर माणूस गप्प होतो; चिखलाकडे किंवा सुपाकडे पाहायला मिळाले की बोलतो. पडद्यावर हाच खेळ खेळला असता, तर अन्न कोणाला द्यायचे हा पेच तिथेही पडला असता. पण बोट लावताच यंत्र पुढच्या दिवशी गेले असते. हातांना काम नाही, मध्ये वेळ नाही, आणि नजर लपवायला जागा नाही. ज्या कष्टांना मी सकाळी हसलो होतो, ते पिसणे, मांडणे, मोजणे, तेच ह्या खोक्यातले खरे धान होते. बाकी सारे फोल.

आम्ही त्या रात्री हरलो. आजारी माणूस वाचला. पण बाहेर गेलेला परत आला नाही, आणि मग एकेक करून घर पडले. बाईला हरल्याचे काहीच वाटले नाही. "उद्या पुन्हा मांडजा," एवढे म्हणून ती उठली.

म्हणून काय खेळ सात हजारांचा ठरला? मी हिशेबी माणूस आहे. एका रात्रीच्या गहिवराने पावती फाडणार नाही. त्याचे दोष सरळ आहेत. अक्षरे बारीक, मराठीचा पत्ता नाही, मांडायला तास आणि खेळायला दोन-तीन तास लागतात. लहान मुलांपुढे मांडावा असा विषय नव्हे. दिवाळीनंतर वर्षभरात तो आमच्याकडे सहा वेळा उघडला. म्हणजे दर खेपेला जवळजवळ बाराशे, माणशी तीनशे पडले. अजून महागच आहे. ज्या घरात कोणी कोणाजवळ बसतच नाही, तिथे तो तीन किलो रद्दी आहे. आणि ज्या घरात माणसे रोज बसतात, तिथे कोळशाचा तुकडा आणि चार कवड्या पुरेत. मधल्या घरांसाठी तो आहे. जिथे बसावेसे वाटते पण निमित्त सापडत नाही. आमचे घर त्या दिवाळीत तसे होते. निमित्ताचा भाव कुठल्याही बाजार समितीत निघत नाही.

माझा हा निकाल मी भाऊबीजेच्या सकाळी पुतण्याला सांगणार होतो. संधी मिळाली नाही. बाईने मला ओवाळले, मी ताटात ओवाळणी टाकली आणि पाटावरून उठलो. शेजारी दरवर्षीप्रमाणे भावाचा पाट मांडलेला होता. चार वर्षे बाई तो मांडते आणि रिकाम्या पाटाला ओवाळते; कोणी तिला अडवत नाही. पुतण्या उठला आणि म्हणाला, "आत्याबाई, बाबांच्या पाटावर मी बसू?"

बाईने त्याच्या कपाळाला हात लावून चाचपून कुंकू लावले. ओवाळून झाले. त्याने मागे हात नेला, ते खोके ओढून पुढे घेतले आणि ताटाशेजारी ठेवले. ताटात ते मावणार नव्हतेच. "ही बाबांची ओवाळणी. चार वर्षांची राहिलेली आणि ह्या वर्षीची. तुम्हाला फोनवरचे फासे आवडत नव्हते, म्हणून हातात धरायचे आणले. बाबा असते तर त्यांनीही हेच केले असते."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. ओवाळणीची किंमत विचारायची नसते, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोराला कळते. मी ती विचारली होती. एवढेच नव्हे, धानाच्या मापाने मोजून तोंडावर सांगितली होती. आणि तो पोरगा सात टक्के करसवलतीची सबब सांगत उभा राहिला होता.

पुतण्या दुसऱ्या दिवशी परत गेला. खोके इथेच राहिले. त्या रात्री बाई अंथरुणावरून म्हणाली, "कितीचा होता रे तो खेळ? पोरानं लई पैसे तं नाई घातले?"

"नाही गं," मी म्हणालो. "सवलतीत मिळाला. स्वस्तच होता."

ती काही वेळ गप्प राहिली. मला वाटले, झोप लागली.

"तुले कवडी उलटी कराले अजून येत नाई," बाई म्हणाली, आणि कूस बदलून खरोखर झोपी गेली.